ज्येष्ठांच्या संकुलातले घर: हिशेब ऐंशीव्या वर्षाचा

पुण्यातल्या वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पानांवर गेली काही वर्षे एक जाहिरात हटकून दिसते. हिरवळीवर फिरणारे पिकल्या केसांचे पण ताठ कण्याचे जोडपे, मागे प्रशस्त गॅलऱ्यांची इमारत आणि खाली ‘५५ वर्षांवरील व्यक्तींसाठी राखीव’ अशी ओळ. महारेराने, म्हणजे महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, २०२४ साली अशा प्रकल्पांसाठी बांधकामाचे किमान निकष ठरवून दिले आणि २०२५ च्या राज्य गृहनिर्माण धोरणातही ज्येष्ठांच्या घरांची दखल घेतली गेली. तेव्हापासून हा विषय जाहिरातींतून निघून घराघरांतल्या बोलण्यात आला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात २०२२ साली साठीपुढचे सुमारे १४.९ कोटी लोक होते आणि २०५० पर्यंत हा आकडा ३४.७ कोटींच्या घरात जाईल. त्यांतल्या बहुसंख्यांना ही घरे परवडणारी नाहीत, हे आधीच सांगून टाकलेले बरे. हा लेख ज्यांच्यापुढे हा पर्याय खरोखर आहे त्यांच्यासाठी आहे: ज्यांचे शहरात स्वतःचे घर आहे, पेन्शन किंवा ठेवींचे व्याज आहे, मुले बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला आहेत आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीचे दोन जिने चढताना गुडघे कुरकुरू लागले आहेत.

असे घर घेणारे लोक साधारण पासष्टीचे असतात आणि पासष्टीच्याच डोळ्यांनी ते घर पाहतात. क्लबहाऊस, बाग, भजनीमंडळ, कोजागरीचा कार्यक्रम हे सगळे त्या वयात खरोखर उपयोगाचे असते. कसोटी लागते ती पुढे पंधरा-अठरा वर्षांनी, जेव्हा दोघांपैकी एकच मागे उरलेले असते आणि अंघोळीलाही आधार लागतो. त्या वेळी हे संकुल काय देईल, किती पैशांत देईल आणि तसे कुठे लिहिलेले आहे, हे विचारल्यावाचून बाकीच्या फायद्यातोट्यांना फारसा अर्थ उरत नाही.

संकुलात नेमके काय मिळते?

वृद्धाश्रम आणि ज्येष्ठांचे निवासी संकुल यांत लोक नेहमी गल्लत करतात. वृद्धाश्रम बहुतेक वेळा एखादी धर्मादाय संस्था किंवा सरकारी अनुदान यांवर चालतो. तिथे खोली किंवा खाट मिळते, पंगतीचे जेवण मिळते आणि वेळापत्रक संस्थेचे असते. संकुलात स्वतंत्र सदनिका असते, स्वतःचे स्वयंपाकघर असते, दाराची किल्ली आपल्याकडे असते आणि जेवण, सफाई, डॉक्टरांची फेरी, रुग्णवाहिका अशा सेवा दरमहा पैसे देऊन घ्यायच्या असतात. पुण्यात ‘अथश्री’ या नावाच्या संकुलांनी हा प्रकार बऱ्याच आधी रुजवला. दक्षिणेत कोईमतूर हे अशा संकुलांचे मोठे केंद्र झाले आहे.

या संकुलांतही पायऱ्या असतात. स्वतःचे सगळे स्वतः करू शकणाऱ्यांसाठी असलेल्या घरांना ‘स्वतंत्र निवास’ म्हणतात. रोजच्या कामांत माणसाची मदत लागणाऱ्यांसाठी ‘साहाय्यित निवास’ असतो. त्यापुढे स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी वेगळा, चोवीस तास देखरेखीचा विभाग असतो, पण तो फारच थोड्या ठिकाणी आढळतो. कोण कोणत्या पायरीवर आहे हे ठरवायला वैद्यकात सहा साध्या कामांची कसोटी वापरतात: अंघोळ करणे, कपडे घालणे, शौचाला जाणे, खाटेवरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा असणे आणि हाताने जेवणे. पासष्टीच्या निरोगी माणसाला ही यादी हास्यास्पद वाटेल, परंतु पुढे सगळा खर्च आणि सगळे वाद याच सहा कामांभोवती फिरतात. महाराष्ट्रात जाहिरात होणारी बहुतेक संकुले पहिल्या पायरीची आहेत आणि विक्री कार्यालयात बोलणे मात्र तिन्ही पायऱ्यांचे चालते.

म्हणजे इथे एका व्यवहारात दोन वस्तू घेतल्या जातात, एक घर आणि एक सेवा. शहराबाहेरच्या सोसायट्यांत राहणाऱ्यांना हे चटकन कळेल: गच्चीवरची पाण्याची टाकी आपल्या मालकीची असते, पण टँकर आला नाही तर ती कोरडीच राहते. सदनिका ही टाकी आहे. तिची नोंदणी होते, तिच्यावर कर्ज मिळते, ती वारसांकडे जाते. सेवा हा टँकर आहे. तो रोज यावा लागतो आणि तो आणणारी कंपनी वेगळी असू शकते, बदलू शकते, बंदही पडू शकते.

मालकी, ठेव आणि भाडे

पैसे भरण्याचे ढोबळ प्रकार तीन आहेत. पहिल्यात सदनिका रीतसर विकत घ्यायची, मुद्रांक शुल्क भरायचे आणि शिवाय दरमहा देखभाल शुल्क द्यायचे. दुसऱ्यात एकदम मोठी ठेव द्यायची आणि हयातीपर्यंत किंवा ठरलेल्या मुदतीपर्यंत राहायचे. निघताना किंवा मृत्यूनंतर ती ठेव, बहुधा दरवर्षी काही टक्के कापून, परत मिळते. तिसऱ्यात थोडे डिपॉझिट आणि दरमहा भाडे व सेवाशुल्क एवढेच असते.

ठेवीचा प्रकार ऐकायला सुटसुटीत वाटतो, आणि मूलबाळ नसलेल्या किंवा मागे मालमत्ता ठेवण्याची इच्छा नसलेल्या जोडप्याला तो सोयीचाही असतो. पण त्याचे कायदेशीर रूप नीट पाहावे. महाराष्ट्रात असे करार पुष्कळदा ‘लीव्ह अँड लायसन्स’च्या, म्हणजे ठरावीक मुदतीच्या राहण्याच्या परवान्याच्या, धर्तीवर केले जातात, म्हणजे राहणाऱ्याला मालकी तर नसतेच, पण जुन्या भाडेकरूसारखे संरक्षणही नसते, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार मुदत संपल्यावर परवानाधारकाला जागा रिकामी करावी लागते. आणि ठेव म्हणजे व्यवहारात त्या कंपनीला दिलेले बिनतारणाचे कर्जच. दिवाळखोरी कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर बांधकाम प्रकल्पात घर नोंदवणारा ग्राहक बिल्डरच्या दिवाळखोरीच्या प्रक्रियेत वित्तीय धनको, म्हणजे कंपनीला पैसे उसने देणारा, मानला जातो आणि तिथल्या निर्णयांत त्याला मत असते. संकुल चालवणाऱ्या कंपनीकडे ठेव ठेवणाऱ्याने आपल्यालाही तेच स्थान मिळेल असे गृहीत धरू नये. मोठी नावे बुडत नाहीत असे ज्यांना वाटते त्यांनी पुण्याजवळच्या डोंगरांतले लवासा आठवावे: एकाच कंपनीने सगळे शहर उभे करायचे आणि चालवायचे होते, आणि ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरी प्रक्रियेत गेली.

कराचा मुद्दा तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. जुने राहते घर विकून होणाऱ्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर कर लागतो, पण तो नफा ठरलेल्या मुदतीत दुसरे निवासी घर घेण्यात गुंतवला तर सवलत मिळते. विकत घेतलेली सदनिका या सवलतीत बसते. परतीची ठेव हे घर घेणे नव्हे, त्यामुळे त्या मार्गाने जाणाऱ्याला ही सवलत मिळेल असे धरून चालता येत नाही. कोथरूडला किंवा ठाण्याला तीस-चाळीस वर्षांपूर्वी घेतलेल्या घराचा नफा किती होतो याचा विचार केला, तर हा फरक लाखांत जातो. ठेव देण्याआधी सनदी लेखापालाकडे एक फेरी मारणे त्यामुळे अगत्याचे आहे.

महारेराने काय साधले, आणि त्याची मर्यादा कुठे?

केंद्र सरकारने २०१९ साली निवृत्तांच्या निवासांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली होती. महारेराने त्याच दिशेने जाऊन २०२४ साली राज्यासाठी निकष काढले आणि विक्री करारातच त्यांचा समावेश करणे बंधनकारक केले. एकाहून जास्त मजले असतील तर लिफ्ट, चाकाची खुर्ची आत जाईल अशी तिची रचना, किमान ९०० मिलिमीटर रुंदीचे दार, १५०० मिलिमीटर रुंदीचा जिना आणि त्याला दोन्ही बाजूंनी कठडे, न घसरणाऱ्या फरश्या, न्हाणीघरात धरायचे दांडे अशा गोष्टी त्यात आहेत. यापूर्वी साध्याच इमारतीला ‘ज्येष्ठांसाठी’ अशी पाटी लावून भाव चढवण्याची सोय होती. ती आता नव्या नोंदणीपुरती तरी बंद झाली. रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याची सर्वसाधारण कवचे, म्हणजे ग्राहकांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवणे आणि बांधकामातील दोषांची पाच वर्षे जबाबदारी, ही इथेही लागू आहेतच.

पण हे नियम प्रामुख्याने इमारतीचे आहेत. रात्री किती परिचारिका कामावर असतील, जेवण कसे असेल, शुल्क दरवर्षी किती वाढेल, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तिथे राहू देणार की नाही, हे सगळे राहणारा आणि सेवा देणारी कंपनी यांच्यातल्या करारावर सोडलेले आहे. त्यामुळे ‘महारेरा नोंदणीकृत’ हे शब्द वाचून सेवेचीही हमी मिळाली असे समजणे ही मोठी चूक ठरेल.

फायदे खरे आहेत

एवढी सावधगिरी सांगितल्यावर फायद्यांना कमी लेखणे अन्यायाचे होईल. माझ्या मते यातला सर्वांत मोठा फायदा न्हाणीघरात आहे. वयस्कर माणसे घरात जिथे जास्त पडतात ती ही जागा, आणि आपल्या जुन्या घरांतली न्हाणीघरे म्हणजे गुळगुळीत फरशी, उंबरठा, आत उघडणारे दार आणि धरायला टॉवेलचा पोकळ दांडा. माणूस दाराच्या आतल्या बाजूला पडला, तर आत उघडणारे दार त्याच्या अंगालाच अडते आणि बाहेरच्यांना ते फोडावे लागते. चांगल्या संकुलात हे दार बाहेर उघडते किंवा सरकते, कडी बाहेरून काढता येते, कमोडच्या बाजूचा दांडा भिंतीवरच्या नुसत्या टाइलमध्ये न बसवता तिच्यामागच्या भिंतीत घट्ट पकडलेला असतो आणि दोरी ओढली की खाली घंटा वाजते. घर पाहायला गेल्यावर त्या दांड्यावर आपले पूर्ण वजन टाकून बघावे. विक्रेत्याला ते विचित्र वाटले तरी चालेल. दोरीही ओढावी, आणि ती फरशीवर पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल इतकी खाली आहे का, तेही पाहावे.

दुसरा फायदा स्वयंपाकघरातून सुटकेचा. चाळीस-पंचेचाळीस वर्षे दोन वेळचा स्वयंपाक केलेल्या बाईला निवृत्ती नावाची गोष्ट आपल्याकडे मिळतच नाही. भोजनगृह ही तिची पहिली सुट्टी असते. घरातले पुरुष या मुद्द्याला बोलताना फारसे महत्त्व देत नाहीत, यात नवल नाही. शिवाय गळके नळ, बंद पडलेला गीझर, बँकेचे केवायसी, प्लंबरची वाट पाहण्यात गेलेली दुपार, अशा बारीकसारीक गोष्टींचा शीण जातो. सोबत मिळते. संध्याकाळी बाकावर बसायला चार माणसे असणे, सकाळी दार उघडले नाही तर कोणीतरी येऊन ठोठावणे, ही आता शहरातल्या कित्येक इमारतींत दुर्मीळ झालेली सोय आहे.

दवाखान्याबाबत मात्र जाहिरातीतल्या नकाशावर विसंबू नये. बरीच संकुले शहराबाहेर आहेत, कारण जमीन तिथे स्वस्त आहे. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. आवारातला डॉक्टर रक्तदाब मोजून देईल, पण ते औषध मोठ्या रुग्णालयातच मिळेल. म्हणून संकुल ते रुग्णालय हे अंतर एखाद्या कामाच्या दिवशी सायंकाळी सहा वाजता प्रत्यक्ष गाडीने कापून पाहावे.

शुल्क वाढत जाते, व्याज वाढत नाही

समजा, सध्या एका जोडप्याचे जेवण, देखभाल आणि इतर सेवा मिळून दरमहा ४०,००० रुपये होतात. शुल्क दरवर्षी आठ टक्के वाढले, तर नऊ वर्षांत ते दुप्पट होते, म्हणजे ८०,०००. आणखी नऊ वर्षांनी १,६०,०००. छासष्टाव्या वर्षी राहायला गेलेला माणूस तेव्हा चौऱ्याऐंशीचा असेल. वाढ सहा टक्केच धरली, तरी बारा वर्षांत शुल्क दुप्पट होते. आता उत्पन्नाची बाजू पाहू. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून एका व्यक्तीला जास्तीत जास्त ३० लाख रुपये ठेवता येतात. ८.२ टक्के दराने पतिपत्नी दोघांच्या ६० लाखांवर महिन्याला ४१,००० रुपये व्याज पडते. पहिल्या वर्षी हिशेब अगदी जुळतो, आणि इथेच फसगत होते, कारण हे व्याज पाच वर्षे तेवढेच राहते, त्यावर करही लागतो, तर शुल्क पहिल्या वाढीलाच त्याच्या पुढे निघून जाते.

यात वस्तू व सेवा कराची भर पडते. संकुल चालवणाऱ्या कंपनीच्या सेवांवर सामान्यतः १८ टक्के कर लागतो. सहकारी सोसायटीच्या दरमहा ७,५०० रुपयांपर्यंतच्या वर्गणीला जी सूट आहे ती इथल्या मोठ्या शुल्काला पुरत नाही. आणि नोंदणीकृत धर्मादाय संस्थांच्या वृद्धाश्रमांना दरमहा २५,००० रुपयांपर्यंत मिळणारी सूट खासगी कंपनीला लागू नसते. कंपनीच्या दरांच्या कोष्टकात लिहिलेला आकडा करासह आहे की कराविना, हे विचारून घ्यावे. शुल्कवाढीला कमाल मर्यादा आहे का, ती महागाई निर्देशांकाशी बांधली आहे की ‘वेळोवेळी ठरेल त्याप्रमाणे’ आहे, हेही. शेवटचे शब्द करारात असतील, तर तिथे पेन्सिलीने खूण करून वकिलाला दाखवावी.

मागे कोण उरते?

आपल्याकडे नवरा बायकोपेक्षा काही वर्षांनी मोठा असतो आणि बायकांचे आयुर्मान पुरुषांपेक्षा जास्त असते. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या तर निष्कर्ष उघड आहे: संकुलातली शेवटची वर्षे बहुधा पत्नीच एकटी काढणार आहे. तरीही घर पाहायला जाणे, बिल्डरशी बोलणे, चेकवर सही करणे ही कामे बहुतेक घरांत पुरुष करतो किंवा परदेशातला मुलगा व्हिडिओ कॉलवरून करतो. मला हे पूर्ण उलटे वाटते. जिला तिथे जास्त वर्षे राहायचे आहे, तिला ती जागा, ती माणसे आणि तिथले जेवण आवडले आहे का, हाच निर्णायक प्रश्न असायला हवा.

पैशांची बाजूही याच ठिकाणी उघडी पडते. सरकारी नोकराला शेवटच्या मूळ वेतनाच्या साधारण ५० टक्के पेन्शन मिळत असेल, तर त्याच्यामागे पत्नीला सर्वसाधारण दराने ३० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. म्हणजे पूर्वीच्या शंभर रुपयांचे साठ होतात. संकुलाचे शुल्क त्या प्रमाणात उतरत नाही. जेवणाचा एका माणसाचा खर्च कमी होतो, पण सदनिकेवरची देखभाल तेवढीच राहते आणि नेमके याच सुमारास मदतनीस बाईची गरज निर्माण होते. खासगी नोकरीतून ‘ईपीएस’वर, म्हणजे भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या पेन्शन योजनेवर, निवृत्त झालेल्यांची स्थिती तर याहून बिकट, तिथे किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. म्हणून करार दोघांच्या नावे असावा, बँकेतली खाती ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कोणालाही किंवा मागे उरेल त्याला चालवता येतील अशी, असावीत आणि एकट्या व्यक्तीच्या शुल्काचा आकडा पहिल्याच बैठकीत मागून घ्यावा. तो विचारणे अशुभ वाटते म्हणून बरीच जोडपी टाळतात.

विसर पडू लागला तर?

२०१७-१८ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाशी जोडलेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे, आणि वय वाढते तसे हे प्रमाण चढत जाते. स्वतंत्र निवासाच्या करारांत मात्र ‘रहिवासी स्वतःची काळजी घेण्यास सक्षम असावा’ अशी अट असते आणि तसे न राहिल्यास कुटुंबाने व्यवस्था करावी, असे पुढे म्हटलेले असते. याचा साधा अर्थ असा की रात्री दोन वाजता दाराबाहेर भटकणाऱ्या आजोबांना किंवा गॅस चालू ठेवून विसरणाऱ्या आजींना तिथून हलवण्यास सांगितले जाऊ शकते. ज्या प्रसंगासाठी माणूस तिथे गेला, त्याच प्रसंगी दार बंद होते. मालकीची सदनिका असेल तर बाहेर काढणे सोपे नसते, पण सेवा नाकारता येते, आणि सेवेविना त्या घराचा उपयोग काय?

सहा कामांपैकी किती जमेनाशी झाल्यावर काय होईल, हा निर्णय कोण घेईल, त्याविरुद्ध दाद कुठे मागायची, खासगी बाई किंवा परिचारक स्वतः आणता येईल का आणि तिला घरात रात्री झोपू देतील का, याची उत्तरे तोंडी मिळाली तर ती मिळाली नाहीत असे समजावे.

‘त्यापेक्षा आहे त्याच घरात बाई ठेवली तर?’

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि अनेकांच्या बाबतीत त्याचे उत्तर ‘हो, तेच करा’ असे आहे. घर तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या इमारतीत असेल, शेजार जिवाभावाचा असेल, डॉक्टर चालत जाण्याच्या अंतरावर असेल आणि एखादी लेक किंवा भाचा त्याच गावात असेल, तर न्हाणीघरात दांडे बसवून, उंबरठे काढून, मदतनीस पुरवणाऱ्या ब्यूरोकडून बाई लावून तिथेच राहणे स्वस्तही पडते आणि मनालाही मानवते. ओळखीचा वाणी, ओळखीचा देवळाचा रस्ता, फुलवाली, यांची किंमत कोणत्याही कोष्टकात बसत नाही.

अडचण येते ती व्यवस्थापनाची. ब्यूरोची बाई गावाला जाते, बदली दोन दिवस मिळत नाही, मिळते तिला इन्सुलिन देता येत नाही, तिसरी चांगली असते पण महिनाभरात जास्त पगारावर दुसरीकडे जाते. हा गाडा कोणीतरी ओढावा लागतो, आणि तो ओढणारे माणूस गावात नसेल तर घरातली व्यवस्था पहिल्या आजारपणात कोलमडते. संकुलात पैसे जास्त पडतात ते मुख्यतः या ओढाताणीतून सुटण्यासाठी. ज्यांची मुले दूर आहेत त्यांना हा सौदा पटू शकतो. ज्यांची जवळ आहेत त्यांनी आधी घरच सुधारून पाहावे. आरोग्य विमा इथे मदतीला येईल असे समजू नये. २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांचे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांचे आहे. अंघोळ घालायला येणाऱ्या बाईचा पगार त्यातून निघत नाही.

‘मुले असताना आईवडिलांनी असे का राहावे?’

हा प्रश्न बहुधा नातेवाईक विचारतात, आणि विचारून आपल्या घरी जातात. त्यात शिरण्यापेक्षा मालमत्तेकडे पाहणे अधिक उपयोगाचे, कारण कटुता तिथेच होते. संकुलात जाताना जुने घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देण्याची घाई पुष्कळ जण करतात. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याण कायद्यानुसार सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते; त्यासाठी ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असलेली बरी. याच कायद्याखाली निर्वाह भत्त्याची मर्यादा महिना १०,००० रुपये आहे, यावरून संकुलाचे शुल्क त्यातून भागणार नाही हे दिसतेच. मला विचाराल तर बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र करावे आणि हयातीत मालकी सोडू नये.

वारसांच्या बाजूनेही एक पेच आहे. वयाची अट असलेल्या संकुलातली सदनिका चाळिशीतल्या मुलीला वारशाने मिळेल, पण तिला तिथे राहता येणार नाही. विकायची झाली तर गिऱ्हाईकही त्याच वयोगटातले शोधावे लागते. काही ठिकाणी विक्री फक्त कंपनीमार्फतच करावी लागते. ही सदनिका गुंतवणूक म्हणून घेऊ नये.

‘सगळे म्हातारेच! करमेल का?’

काहींना करमते, काहींना नाही. लहान मुलांचा गलका ज्यांना हवासा वाटतो त्यांना तिथली दुपार जड जाते, आणि वर्षाकाठी होणाऱ्या शोकसभांची संख्याही मन खचवते. दुसरीकडे, मिश्र सोसायटीत ज्यांना कोणी विचारत नव्हते अशी माणसे तिथे नाटक बसवताना दिसतात. खाण्यापिण्याचे नियम मात्र आधी विचारावेत. भोजनगृह शाकाहारी असणे समजण्यासारखे आहे, पण स्वतःच्या ओट्यावर बांगडा तळायलाही मनाई असेल, तर मालवणच्या किंवा मडगावच्या माणसाने तिथे फार दिवस काढू नयेत.

यापेक्षा गंभीर प्रश्न आहे तो सगळी इमारत एकदमच म्हातारी होण्याचा. मालकीच्या प्रकारात रहिवाशांची सहकारी सोसायटी होते आणि सेवा देणारी कंपनी नीट वागली नाही तर तिला बदलण्याचे बळ सोसायटीकडे असायला हवे. सुरुवातीच्या दहा वर्षांत समितीवर निवृत्त अभियंते, बँक अधिकारी हिरिरीने काम करतात. मग तेच लोक ऐंशीचे होतात, निवडणुकीला कोणी उभे राहत नाही, हिशेब तपासायला डोळे उरत नाहीत आणि कंपनी म्हणेल ते मान्य करावे लागते. दहा-बारा वर्षे जुने संकुल पाहायला गेलात, तर नमुना सदनिकेपेक्षा सोसायटीच्या शेवटच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त मागून वाचा. कंपनी बदलण्याचा हक्क करारात आहे का, तेही तिथल्या लोकांना विचारा.

सही करण्याआधी

बऱ्याच ठिकाणी पाहुण्यांची खोली भाड्याने मिळते. तिथे एक-दोन महिने राहावे, तेही पावसाळ्यात, कारण वीज जाणे, रस्ता तुंबणे, लिफ्ट बंद पडणे हे त्याच काळात कळते. दोघांनी राहावे, आणि मध्ये काही दिवस पत्नीने एकटीने. त्या काळात साहाय्यित विभाग असेल तर तो पाहण्याचा आग्रह धरावा. दुपारी तीनच्या सुमारास न सांगता गेल्यास चादरी, वास आणि परिचारिकांचा आवाज यांतून पुष्कळ समजते. जुने घर निदान वर्षभर विकू नये. ते भाड्याने देऊन संकुलातही भाड्यानेच राहून पाहिले, तर परतीचा रस्ता उघडा राहतो, आणि खर्चाचा खरा आकडा कोष्टकातून न येता स्वतःच्या पासबुकातून समोर येतो.

ज्यांना हे जमत नसेल त्यांनी निदान करार मराठीत समजावून घ्यावा आणि मुलांसमोर तो एकदा मोठ्याने वाचावा. त्याच बैठकीत वैद्यकीय निर्णयांचे आगाऊ निर्देशपत्र, म्हणजे आपण बोलू शकत नसू तेव्हा कोणते उपचार करावेत किंवा थांबवावेत याची लेखी इच्छा, करण्याचा विषयही काढता येईल. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली असून, दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते. संकुलाच्या कार्यालयात त्याची एक प्रत आणि रुग्णालयात कोणाला फोन करायचा त्याचा क्रमांक देऊन ठेवावा, कारण मध्यरात्री रुग्णवाहिकेबरोबर जाणारा माणूस बहुधा सुरक्षारक्षक असतो.